तालुक्याच्या वेल्डिंगवाल्यानं बनवून दिलेली ब्लॉकिंग स्लेड, कबड्डीवाल्यांनी नक्की वाचा

आधी निकाल सांगतो मग बाकीचं, कारण बरेच जण किंमत पाहूनच पुढं सरकतात. रेक्झिन, रंग, गाद्या सगळं धरून साडेचौदा हजार रुपये लागले आणि वस्तू एक नंबर आहे. पोट्टे रोज भिडून राहिले तरी वेल्डिंगचा एक जोड हलला नाही, आणि आमच्या कबड्डीच्या पोरापोरींच्या पायात जो फरक पडला तो मैदानावर उभं राहिलं की दिसते. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा का कापला ते खाली येईलच.

आता ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी. ब्लॉकिंग स्लेड म्हणजे लोखंडी सांगाडा, खाली जमिनीवरून घसरणाऱ्या दोन पट्ट्या, समोर उभे खांब आणि खांबाला छातीएवढी जाड गादी. खेळाडू वाकून बसतो, इशारा झाला की उसळून दोन्ही तळवे गादीत घालतो आणि बारीक बारीक पाय मारत अख्खा सांगाडा पुढं ढकलत नेतो. अमेरिकन फुटबॉलच्या प्रॅक्टिसमधली ही जुनी वस्तू आहे, एका माणसाची असते, दोघांची असते, पाच-सात जणांची पण असते आणि कोच लोक वजन वाढवायला स्वतः वर चढून उभे राहतात. आमची दोघांची आहे. जिममधली स्लेड ऑनलाइन मिळते हे मला माहीत आहे, तिला दोन उभे दांडे असतात, पण ती नुसती ढकलायची असते, तिला भिडता येत नाही, आणि आम्हाला भिडायलाच पाहिजे होतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेळाच्या दुकानांत बॅट-बॉल, कॅरम, ट्रॅकसूट मिळेल, हे नाही मिळत, म्हणून बनवून घेतली.

कबड्डीच्या मंडळाला अमेरिकेतलं अवजार कशाला हा प्रश्न गावात प्रत्येकानं विचारला आणि बरोबरच विचारला. त्याचं उत्तर म्हणजे तिकडचे ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे बॉल ज्यांच्याकडं आहे त्या टीमचे सगळ्यात पुढचे पाच जण. मी एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या तिकडच्या मोठ्या लीगचे, सामने मागचे काही सीझन बघून राहिलो, रविवारी रात्री साडेदहाला पहिले सामने सुरू होतात, नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागं गेली की साडेअकराला, गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत रात्रीची लाइट असली की मोटरपाशी बसून मोबाइलवर निवांत बघता येते. सुरुवातीला बॉल जिकडं तिकडं डोळे, सगळेच तसे बघतात. मग एकदा ठरवलं की बॉल सोडून द्यायचा आणि फक्त त्या पाच जणांकडं बघायचं, आणि तेव्हापासून दुसरं काही बघवतच नाही.

ते पाच असे. मधोमध सेंटर, जो बॉल दोन पायांमधून मागं क्वार्टरबॅकला (बॉल फेकणारा, हल्ला चालवणारा गडी) देतो, त्याच्या दोन बाजूला दोन गार्ड आणि सगळ्यात बाहेर दोन टॅकल. काम एकच, समोरून येणाऱ्याला अडवायचं, नाहीतर त्याला बाजूला सारून आपल्या धावणाऱ्यासाठी वाट करायची. यांना पुढं टाकलेला पास झेलायची परवानगी नाही, रेफरीला आधी सांगून उतरलं तरच. पॉइंट यांच्या नावावर चढत नाहीत. स्पीकरवर नाव येते ते बहुतेक चुकलं तरच, आधी हलला तर ५ यार्ड मागं, समोरच्याला धरून ठेवलं तर १० यार्ड मागं. आता हे वाचून आपल्याकडच्या कोणाही कव्हरवाल्या, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभं राहून पकडीला साथ देणाऱ्या, पोराला आपलीच गोष्ट वाटेल. चढाई करून आला त्याच्या नावानं शिट्ट्या पडतात, अँकल पकडणाऱ्या कोपऱ्याचं पण नाव होते, पण त्याच वेळेला मागून येऊन ज्यानं रेडरचं वजन अडवलं, ज्याच्याशिवाय ती पकड सुटलीच असती, त्याचं नाव स्कोअरशीटवर कुठंच नसते. आमच्या मंडळात चांगले रेडर होते. पकड कच्ची होती, कारण कोपरा आणि कव्हर एका वेळेला निघतच नव्हते.

आणि मग मला जॉर्डन माइलाटा सापडला. हा पोरगा सिडनीचा, रग्बी लीग खेळणारा, ६ फूट ८ इंच उंच आणि वजन दीडशे किलोच्या वर. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तो आयुष्यात खेळला नव्हता. बाहेरच्या देशांतल्या खेळाडूंसाठी एनएफएलचा एक कार्यक्रम आहे, त्यातून तो फ्लोरिडात शिकायला गेला, आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) शेवटच्या म्हणजे सातव्या राउंडमध्ये २३३ व्या नंबरवर फिलाडेल्फिया ईगल्सनं त्याला घेतलं. पहिले दोन सीझन एक पण सामना नाही. नुसती प्रॅक्टिस, दुखापत, परत प्रॅक्टिस. त्यांचा लाइनचा कोच होता जेफ स्टाउटलंड, त्यानं त्याला पाय कुठं ठेवायचा, हात कुठं लावायचा इथपासून शिकवलं. २०२० मध्ये खेळायला मिळालं, २०२१ मध्ये टीमनं पहिल्या राउंडला घेतलेल्या दुसऱ्या टॅकलला मागं टाकून यानं जागा पक्की केली, त्याच वर्षी ६.४ कोटी डॉलरचा चार वर्षांचा करार झाला, आणि फेब्रुवारी २०२५ ला ईगल्सनं कॅन्सस सिटी चीफ्सला ४०-२२ नं हरवून सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला तेव्हा डाव्या टॅकलला हाच उभा होता. आपल्याकडं तेव्हा सोमवारची पहाट होती, मी गोठ्यातलं काम आटोपत आटोपत बघितला आणि लय भारी वाटलं. कारण माझ्यासाठी त्याचा अर्थ सरळ होता, हे काम शिकवता येते. अंगात असावं लागते ते असू द्या, पण पाय आणि हात शिकवता येतात, आणि शिकवायला भिडायला काहीतरी पाहिजे जे दमत नाही आणि ज्याला लागत नाही. पोरानं पोरालाच रोज भिडवलं की खांदे आणि गुडघे जातात, ते आम्ही पाहून झालो होतो.

आता दुकान. तालुक्याच्या ठिकाणी, बाजार समितीच्या बाजूला, पत्र्याचं शेड. नाव टाकत नाही कारण मिस्त्रीला विचारलं नाही. त्यांचं रोजचं काम म्हणजे वखर, डवरे, तिफणी, ट्रॉलीचे फाळके, घराचे गेट. मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, त्यांनी तीन-चारदा मागं-पुढं करून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "हे ढकलाचं हाय का ओढाचं?" मी म्हटलं ढकलायचंच. म्हणे, "मंग तोंड वर वळवा लागते. वखराची पास मातीत शिरली पाहिजे, याची शिरली नाही पाहिजे." एवढ्या एका वाक्यात मला समजलं की माणूस बरोबर आहे. खालच्या दोन पट्ट्यांना त्यांनी चार इंची चॅनेल वापरलं, दोन्ही टोकं कापून वर वळवून आतून पट्टी मारली, म्हणजे पुढं ढकला की मागं ओढा, कुठंच रुतत नाही.

दुसरी गोष्ट स्प्रिंगची. खऱ्या स्लेडमध्ये गादी मागं थोडी दबते आणि परत येते, नाहीतर सरळ लोखंडाला भिडल्यासारखं मनगटाला झटका बसतो. मिस्त्रीनं जुन्या जीपच्या कमानीचे पाटे भंगारातून काढले आणि ते खांबात नटबोल्टनं बसवले. मी विचारलं सरळ वेल्डिंग काहून नाही मारत, तर म्हणे कमानीला वेल्डिंग मारलं की जोडापाशीच तडकते, पोट्टं आपटलं त तोंडावर येईन. हे मी कोणत्या व्हिडिओत पाहिलं नव्हतं, त्यांना त्यांच्या कामातून माहीत होतं. अशा माणसाला पैसे द्यायला बरं वाटते.

खांबाला उंचीसाठी पिन आणि चार भोकं आहेत, सगळ्यात खालचं सातवी-आठवीच्या पोरापोरींसाठी. मागं एक फळी आहे तिथं रेतीचं पोतं ठेवता येते. धान्याच्या काट्यावर मोजली तर रिकामी स्लेड ११० किलो भरली. गाद्या ट्रॅक्टरचे सीट शिवणाऱ्याकडून करून घेतल्या, आत दाबून भरलेला कडक फोम, त्यावर नरम फोमचा थर, त्यावर काळं रेक्झिन. इथं एक गडबड झाली, शिलाई समोरच्या बाजूला आली होती, नेमकी जिथं तळवे बसतात तिथं, आणि ती उसवली. परत नेली तर एक रुपया न घेता शिलाई बाजूला घेऊन दिली. तुम्ही बनवाल तेव्हा शिलाई बाजूला घ्या हे आधीच सांगा.

अर्धा मार्क कापला तो वेळेसाठी. आषाढात देतो म्हणाले आणि हातात आली ती पोळ्याच्या आसपास. पेरणीचा हंगाम होता, लोक तुटलेली तिफण घेऊन दारात उभे, त्यांचं काम आधी होणार हे मान्य आहे, माझं स्वतःचं वावर आहे मला समजते, पण एक फोन करून सांगितलं असतं तर आमच्या पोरांनी रोज रोज विचारून डोकं खाल्लं नसतं. बाकी रंगाचं म्हणाल तर खालून रेड ऑक्साइड मारलं होतं ते घासून गेलं, ते जाणारच, तिथं आम्ही अधूनमधून जळकं ऑइल लावतो.

आता वापर. दोघांची स्लेड घ्यायचं कारण इथं आहे. दोन गाद्या एका सांगाड्यावर आहेत, म्हणून डावा आधी निघाला की सांगाडा उजवीकडं फिरते आणि उजवा आधी निघाला की डावीकडं. कोचनं ओरडायची गरजच नाही, लोखंड स्वतः सांगते कोण घाई करून राहिला. पहिल्या आठवड्यात आमची स्लेड गोल गोल फिरत होती. डावा कोपरा चपळ आहे, तो नेहमी आधी सुटायचा, आणि कव्हर अर्ध्या ठोक्यानं मागं, आणि सामन्यात पण नेमकं हेच होत होतं, हा अँकल पकडायचा आणि तो येईपर्यंत रेडर लाइनीला टेकलेला. फुटबॉलमध्ये गार्ड आणि टॅकल खांद्याला खांदा लावून एकाच माणसावर जातात, त्यांचं पहिलं पाऊल एकाच क्षणी पडलं पाहिजे, आणि ते पाऊल एवढुसं असते, वीतभर. लांब पाऊल टाकलं की एक पाय हवेत आणि तेवढ्यात समोरचा तुम्हाला उलटवतो. हे सांगून पोरांना पटत नव्हतं, स्लेडवर पटलं, कारण लांब पाऊल टाकलं की ती जागची हलतच नाही.

आम्ही शिट्टी वापरत नाही. आकडे म्हणतो, आणि कधी पहिल्या आकड्यावर निघायचं ठरवतो, कधी तिसऱ्यावर, तिकडं क्वार्टरबॅक करतो तसंच. आधी हलला की दोघंही पाच पावलं मागं. दोघंही, एकटा नाही. यानं डाव्या कोपऱ्याची घाई गेली, आणि हा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा आहे, ताकद वाढली हा दुसरा.

एक फरक पण सांगून ठेवतो म्हणजे कोणी आंधळी नक्कल करू नये. लाइनमनला समोरच्याच्या अंगाबाहेर हात घालून धरता येत नाही, आपल्या खेळात धरणं हेच तर काम. म्हणून स्लेडवर आम्ही फक्त बसण, पहिलं पाऊल, कंबर आणि ढकलण्याची ताकद घेतो. डॅश मारून रेडरला बाहेर काढताना आणि ब्लॉक करताना ती सरळ कामाला येते. पकडीची बोटं मॅटवरच तयार होतात, त्याला स्लेड काही मदत करत नाही.

वजनाबद्दल लय जणांनी विचारलं. एनएफएलचे लाइनमन सरासरी १४० किलोच्या घरात, आणि आपल्या मोठ्या कबड्डीत पुरुषांची मर्यादा ८५ किलो. मग यांच्याकडून काय शिकायचं? तर जेसन केल्सीकडून शिकायचं. सेंटर, ईगल्सचाच, कॉलेजात स्कॉलरशिपशिवाय गेलेला, तिथं आधी रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) आणि लाइनबॅकर (बचावातला गडी) म्हणून सुरुवात, मग लाइनवर आला. २०११ मध्ये सहाव्या राउंडला १९१ वा. कारण सगळे म्हणत होते हा सेंटरसाठी लहान आहे, त्याचं वजन लाइनमनच्या मानानं कमी. तो १३ सीझन एकाच टीमकडून खेळला, सलग १५६ सामने सुरुवातीपासून उतरला, सहा वेळा ऑल-प्रोच्या, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात आला, फेब्रुवारी २०१८ चा सुपर बोल जिंकला आणि मार्च २०२४ ला रडत रडत रिटायर झाला. त्याचं खेळणं बघा, तो नेहमी समोरच्याच्या खालून जातो. त्याचं डोकं वर असते, पाठ सपाट असते आणि कंबर समोरच्याच्या कंबरेपेक्षा खाली. आमची एक मुलगी आहे, जेमतेम ४५ किलोची, पोरींच्या टीमची उजवी कव्हर, तिला मी केल्सीचेच व्हिडिओ दाखवले. आता ती स्लेडवर बसते तेव्हा मोठे पोट्टे बघत उभे राहतात. सांगाडा ११० किलोचा असला तरी जोडीदारासोबत ती तो धुऱ्यापर्यंत नेते.

पण माझा सगळ्यात आवडता माणूस जो थॉमस, आणि त्याच्याबद्दल थोडं लांबलं तर लांबू द्या. क्लीव्हलँड ब्राउन्सचा डावा टॅकल, म्हणजे उजव्या हातानं बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागून जो हल्ला येतो तो अडवणारा. २००७ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरवर निवड झाली त्या दिवशी बाकीचे सूट घालून न्यूयॉर्कला बसले होते आणि हा आपल्या बापासोबत मिशिगन सरोवरावर मासे पकडत होता. मग पहिल्या सामन्यापासून २०१७ च्या ऑक्टोबरपर्यंत तो सलग १०,३६३ स्नॅप (सेंटरनं बॉल मागं दिला की सुरू होतो तो एकेक डाव) खेळला. म्हणजे टीमचा हल्ला सुरू असताना एकदाही मैदानाबाहेर आला नाही, त्यात सर्दी, ताप, गुडघे, पाठ सगळं आलं. त्याच्या काळात २० वेगवेगळे क्वार्टरबॅक सुरुवातीला उतरले, कोच बदलले, मालक बदलला, टीम हरतच राहिली. २०१६ मध्ये १६ पैकी १ सामना जिंकला, २०१७ मध्ये एकही नाही. प्लेऑफचा, म्हणजे शेवटच्या बाद फेरीचा, एक सामना त्याच्या नशिबी आला नाही. आणि तरी पहिल्या दहाच्या दहा सीझनमध्ये प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवड. शेवटी हाताचा ट्रायसेप्स फाटला आणि तो थांबला, २०१८ मध्ये रिटायर, २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

मी हे पोरांना सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, हरणाऱ्या टीममध्ये एवढं कशाला खेळायचं? मला तो प्रश्न लय महत्त्वाचा वाटतो कारण आमची टीम पण जिल्ह्यात पहिल्या-दुसऱ्या फेरीत बाहेर पडणारी, आणि हरणाऱ्या टीमचे पोरं दिवाळीनंतर प्रॅक्टिसला येत नाहीत. मी त्याला थॉमसचे व्हिडिओ लावून दिले. २०१६ चे, हरलेल्या सामन्यांचे. टीम मागं पडली आहे, स्टेडियम रिकामं होऊन राहिलं, आणि डाव्या बाजूला हा माणूस तसाच बसतो, तसाच मागं सरकतो, अर्धं पाऊल, अर्धं पाऊल, कंबर खाली, हात आत. पहिल्या मिनिटाला जसं तसंच शेवटच्या मिनिटाला. पोरगा काही बोलला नाही पण तो आता प्रॅक्टिसला येऊन राहिला, थंडीत सुद्धा.

आता डोक्याची गोष्ट, आणि ही स्लेड घेणाऱ्या प्रत्येकानं वाचलीच पाहिजे. माइक वेबस्टर, पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर, १७ सीझन खेळला, चार सुपर बोल जिंकले. रिटायर झाल्यावर स्मरणशक्ती गेली, डोकं दुखणं, पैशाची वाताहत, कधी कधी स्वतःच्या गाडीत झोपायचा. २००२ मध्ये ५० व्या वर्षी वारला. डॉक्टर बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि २००५ मध्ये छापलं की वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या धक्क्यांनी होणारा सीटीई नावाचा आजार त्यात होता. एनएफएलच्या खेळाडूमध्ये तो सापडल्याची ती पहिली नोंद. लाइनमनला एक मोठा फटका बसतो असं नाही, प्रत्येक स्नॅपला लहान लहान बसतात, हजारो. २०१८ पासून तिकडं डोकं खाली घालून भिडलं की १५ यार्डांची शिक्षा आहे. म्हणून आमच्या मैदानावर एकच नियम कडक आहे, गादीला डोकं लागलं की त्या दिवशी स्लेड बंद, कोणाचंही असो. फक्त तळवे, अंगठे वर, कोपरं आत, डोळे गादीच्या वरून समोर बघणारे. गादी खांद्याच्या खाली येईल अशीच पिन लावायची, वर लावली की पोरं आपोआप डोक्यानं जातात. आमच्याकडं हेल्मेट नाही आणि नकोच, हेल्मेट असलं की डोकं वापरायचा मोह होतो.

मैदानाचं सांगतो. आमची जमीन काळी. पावसाळ्यात ओल्या मातीवर नेली तर पट्ट्यांखाली चिखलाचे गोळे धरतात आणि दोन बैल लावले तरी हलणार नाही. आम्ही शाळेच्या मैदानाच्या कडेला मुरूम टाकून पट्टा केला, तिथं बाराही महिने चालते. उन्हाळ्यात भेगा पडतात, पट्टी अडकते, पाय मुरगळायची भीती, तेव्हा पण मुरमावरच. सगळ्यात बेस्ट काळ सोयाबीन निघाल्यावर ते संक्रांतीपर्यंत. सकाळी सहाला पोरं येतात, आधी नुसतं चालतं-धावतं, मग दोघादोघांच्या जोड्या, प्रत्येक जोडीला थोडंच अंतर. दहा-बारा पावलं पुरे. लांब लांब नेऊन दमवायचं नाही, लाइनमनचं काम काही सेकंदांचंच असते, पूर्ण ताकदीनं उसळायचं आणि थांबायचं, श्वास घ्यायचा, परत. वाहतुकीसाठी ट्रॉली लागते, चाकं लावून घ्यायला पाहिजे होती, तो खर्च आम्ही पुढच्या गणपतीच्या वर्गणीतून करणार.

घरच्यांचे प्रश्न वेगळे. आई-बाप विचारतात याच्यानं पुढं काय होते. गावात कबड्डी खेळणाऱ्या पोराचं ध्येय बहुतेक पोलीस भरती किंवा आर्मी, हे खोटं बोलून उपयोग नाही. मी त्यांना सांगतो की पायाची आणि कंबरेची ताकद गोळाफेकीला पण लागते आणि शंभर मीटरच्या सुटण्याला पण. आणि अजून एक सांगतो, लॉरों डुव्हर्ने-टार्डीफ नावाचा गार्ड, कॅनडाचा, तो खेळता खेळता डॉक्टर झाला, २०१८ मध्ये मॅकगिल विद्यापीठातून. फेब्रुवारी २०२० ला चीफ्सकडून सुपर बोल जिंकला आणि कोरोना आला तेव्हा तो सीझन सोडून माँट्रियलजवळ म्हाताऱ्यांच्या काळजी केंद्रात काम करायला गेला. जॉन उर्शल नावाचा बाल्टिमोरचा गार्ड २६ व्या वर्षी खेळ सोडून गणिताकडं गेला आणि एमआयटीतून पीएचडी झाला. म्हणून दहावी-बारावीच्या पोरांना परीक्षेच्या महिन्यात मी स्वतः मैदानावरून घरी पाठवतो. एका मावशीनं हे ऐकून म्हटलं, "डाक्टर झाला न मंग बाबा ढकलू दे त्याले लोखंड." त्यांची मुलगी आता येते.

निकालाचं म्हणाल तर, या वेळी तालुक्याच्या सामन्यात पोरींनी उपांत्य फेरी गाठली आणि पोरं हरले तरी पकडीचे गुण आधीपेक्षा पुष्कळ मिळाले. सगळं स्लेडमुळंच असं मी म्हणणार नाही, नवीन मॅट पण आली आहे आणि पोरं एक वर्षानं मोठी झाली. पण कोपरा आणि कव्हर एकत्र निघून राहिले हे शंभर टक्के स्लेडचंच काम आहे.

बनवून घ्यायची असेल तर मृग लागायच्या आत ऑर्डर द्या नाहीतर सोयाबीन काढून झाल्यावर, मधल्या काळात कोणताच वेल्डिंगवाला मोकळा नसतो. अर्धे पैसे आधी, अर्धे भिडून बघितल्यावर, आमच्या मिस्त्रीनं स्वतःच असं म्हटलं होतं. चॅनेल चार इंचीच घ्या, तीन इंची स्वस्त पडते पण वाकते. कमान नटबोल्टनं, शिलाई बाजूला, पिनला चार भोकं, आणि चाकं सुरुवातीलाच लावून घ्या. कोणाला मापं पाहिजे असतील तर खाली लिहा, मी टेप लावून मोजून टाकतो.